जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

‘जुनें तें सोनें’ अशी आपल्या भाषेंत म्हण आहे. परंतु सोन्यास गंज चढत नाहीं, आणि जुन्या मोटारीस तो चढतो. म्हणून तिचें सोनें व्हावें अशी इच्छा असल्यास कोणास तरी घाम गाळावा लागतो. आपल्या भागांतील एखाद्या जुन्या वाड्याच्या पडवींत, किंवा गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या छपराखालीं, कडब्याच्या पेंढ्यांआड दुसऱ्या महायुद्धापूर्वींची मोटार उभी आढळल्यास नवल नाहीं. ती भंगारवाल्यास वजनावर द्यावी, कीं घरच्या घरीं पुन्हां चालती करावी, हा प्रश्न त्या घरांतील मंडळींस केव्हां तरी पडतोच. दुसरा मार्ग पत्करणाऱ्यानें काय जाणलें पाहिजे, तें या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

प्रथम ‘विंटेज’ या शब्दाचा अर्थ पाहूं. इंग्लंडांतील शौकीन लोक १९१९ पासून १९३० पर्यंत तयार झालेल्या मोटारींसच हें नांव देतात. आपल्या सरकारनें १५ जुलै २०२१ रोजीं जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत मात्र पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांस विंटेज मानलें आहे. तिच्या सांगाड्यांत, धडांत अथवा इंजिनांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशीहि अट आहे. यावरून विद्यार्थ्यांच्या ध्यानीं येईल कीं, कायद्याच्या दृष्टीनेंसुद्धां अशा गाडीचें मोल तिच्या वेगांत किंवा चकाकींत नसून तिच्या अस्सलपणांत आहे.

या गाड्या आपल्या देशांत आल्या कोठून? सुरुवातीस त्या परदेशांतून तयार होऊनच येत. पुढें फोर्ड कंपनीनें १९२६ सालीं हिंदुस्थानांत आपली शाखा काढली, आणि १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईंत शिवडी येथें शेव्हरोलेट गाड्यांच्या जोडणीचा कारखाना उघडला. खोक्यांतून सुटे भाग आणावयाचे आणि येथें ते जोडावयाचे, असा तो व्यवहार होता. जोडणें आणि घडविणें यांत जें अंतर आहे तें ज्या थोड्या लोकांस सलत होतें, त्यांपैकीं एक शेठ वालचंद हिराचंद हे होत. त्यांचा जन्म सोलापुरास १८८२ सालीं झाला. आपल्या इंदापूर तालुक्यांत कळंब गांवाजवळ त्यांनीं उंसाची शेती व साखरेचा कारखाना उभारला, आणि त्या वसाहतीस पुढें वालचंदनगर हें नांव मिळालें. मोटारी याच देशांत घडाव्या म्हणून त्यांनीं अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीशीं करार केला. युद्धकाळीं तत्कालीन सरकारनें त्यांस साह्य केलें नाहीं. तरीहि १९४४ सालीं त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि १९४७ सालीं तिच्या कुर्ला येथील कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या.

वालचंदनगरची ही गोष्ट येथें सांगण्याचें आणखी एक कारण आहे. जुनी मोटार दुरुस्त करावयास जी माणसें लागतात, तीं आपल्या दोन्ही तालुक्यांत आहेत. १८८५ सालीं नीरेचा डावा कालवा सुरू झाला, तेव्हांपासून येथें ऊंस वाढला. उंसाबरोबर चरक, गुऱ्हाळें, पाणी उपसण्याचीं ऑइल इंजिनें, आणि अखेरीस साखरेचे कारखाने आले. या यंत्रांच्या आधारानें फिटर, टर्नर, ओतारी व जोडारी यांच्या पिढ्या तयार झाल्या. वालचंदनगरच्या कारखान्यांत साखरेचीं यंत्रें होऊं लागलीं, आणि पुढें त्याच ठिकाणीं अवकाशयानांच्या अग्निबाणांचीं कवचेंहि घडलीं. बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत पियाजिओ कंपनीच्या तीनचाकी गाड्या व २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरी तयार होऊं लागल्या. तेव्हां सुटा भाग बाजारांत मिळाला नाहीं, तरी तो घडवून देणारा हात जवळपास मिळण्याची आशा असते.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. उदाहरणासाठीं फोर्ड कंपनीची ‘मॉडेल ए’ ही गाडी घेऊं. ही १९२७ च्या अखेरीपासून सुमारें चार वर्षें निघत होती, आणि तेवढ्या अवधींत तिच्या ४८ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिचें इंजिन चार सिलिंडरांचें, सुमारें ३.३ लिटरचें व ४० अश्वशक्तीचें आहे. रचना इतकी साधी कीं, लक्षपूर्वक पाहणाऱ्या मुलास तिच्यावरून मोटारीचें सारें शास्त्र समजावें.

पाना हातीं घेण्यापूर्वीं वही हातीं घ्यावी. इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक उतरून तो कागदपत्रांशीं ताडून पाहावा. जो भाग काढावयाचा त्याचें आधीं छायाचित्र घ्यावें, आणि काढलेले नट-बोल्ट निरनिराळ्या डब्यांत ठेवून प्रत्येकावर चिठ्ठी लावावी. गाडी सोडविण्यास आठवडा पुरतो, परंतु ती पुन्हां जोडण्यास वर्षें लागतात. दोन वर्षांपूर्वीं काढलेला स्क्रू कोठला, हें कोणाच्याहि स्मरणांत राहत नाहीं. अर्धवट सोडलेल्या कित्येक गाड्या पैशाच्या अभावीं नव्हे, तर चिठ्ठ्यांच्या अभावीं पोत्यांत पडून राहतात.

पहिला शत्रु गंज होय. लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु या तिघांचा संयोग झाला म्हणजे गंज उत्पन्न होतो. आपला प्रदेश पर्जन्यछायेचा असल्यामुळें मुंबईच्या खाऱ्या हवेपेक्षां येथें पत्रा अधिक टिकतो. मात्र आपल्या उन्हानें रबर तडकतें, लांकूड आकसतें, आणि वाळवी गाडीच्या लांकडी चौकटीस व आसनांस खाऊन टाकते. लहान लोखंडी भागांचा गंज काढण्याची एक शास्त्रीय रीति आहे. प्लॅस्टिकच्या टपांत पाण्यामध्यें थोडा धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेला भाग बॅटरी-चार्जरच्या ऋण टोंकास, व टाकाऊ साध्या लोखंडाचा तुकडा धन टोंकास जोडून, दोन्ही एकमेकांस न लागतील असे पाण्यांत सोडावे. विजेच्या प्रवाहानें गंज सुटतो व खालचें चांगलें लोखंड शाबूत राहतें. मात्र धन टोंकास स्टेनलेस स्टील कधींहि लावूं नये, कारण त्यापासून विषारी द्रव्य पाण्यांत उतरतें. अॅल्युमिनियमचे भाग या पाण्यांत घालूं नयेत, ते झिजतात. या क्रियेंत हायड्रोजन वायु निघतो आणि तो पेट घेतो, म्हणून हें काम उघड्यावर, विस्तवापासून दूर आणि वडील माणसांच्या देखरेखीखालींच करावें.

दुसरें काम इंजिनाचें. बरींच वर्षें उभ्या असलेल्या इंजिनांत पिस्टन सिलिंडरास चिकटून बसतात. अशा वेळीं गाडी ट्रॅक्टरास बांधून ओढण्याचा मोह पुष्कळांस होतो. त्यानें पिस्टनची कडी तुटते, क्वचित् दांडाहि वांकतो, आणि जें काम तेलानें झालें असतें तें हजारों रुपयांस पडतें. योग्य मार्ग असा कीं, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत पातळ तेल सोडावें, कांहीं दिवस वाट पाहावी, आणि मग इंजिन हातानें हळूहळू मागेंपुढें हलवून पाहावें. जेथें बळ चालत नाहीं तेथें तेल आणि धीर चालतो.

इंजिन फिरूं लागल्यावर बेअरिंगांकडे पाहावें. आजच्या मोटारींत बेअरिंगांच्या पातळ वाट्या तयार मिळतात. मॉडेल ए मध्यें मात्र कथील, अँटिमनी व तांबें यांचा मिश्र धातु, ज्यास ‘बॅबिट’ अथवा पांढरा धातु म्हणतात, तो वितळवून जागच्या जागीं ओतलेला असतो. तो मऊ असल्यामुळें स्वतः झिजतो, पण पोलादी दांड्यास झिजूं देत नाहीं. हा धातु ओतणें, तासणें आणि केसाएवढ्या फटीनें बसविणें ही घरीं पुस्तक वाचून करण्याची गोष्ट नव्हे. जुन्या ऑइल इंजिनांवर हात बसलेला कारागीरच तें करूं जाणे. असे कारागीर आतां वृद्ध झाले आहेत, आणि त्यांच्या मुलांनीं बहुधा निराळे धंदे पत्करले आहेत. गाडीचा पत्रा आणखी वीस वर्षें वाट पाहूं शकेल. ही विद्या तितकी वाट पाहणार नाहीं.

विजेच्या तारांविषयीं एक गणित विद्यार्थ्यांनीं करून पाहावें. या गाडीची बॅटरी सहा व्होल्टची, आणि तिचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असतें. छत्तीस वॅटचा दिवा बारा व्होल्टांवर तीन अँपिअर प्रवाह घेतो, तर तितकाच दिवा सहा व्होल्टांवर सहा अँपिअर घेतो. तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला तर त्याच तारेंत उष्णता चौपट. म्हणून बाजारांत मिळणारी हल्लींची बारीक तार येथें वापरल्यास दिवे मंद जळतात आणि तार तापून आगीचें भय राहतें. येथें तार जाडच घालावी.

पेट्रोलचा प्रश्न तर आपल्या घरचाच आहे. उंसाच्या रसापासून व मळीपासून इथेनॉल होतें, आणि २०२५ सालीं पेट्रोलांत त्याचें वीस टक्के मिश्रण करण्याचें उद्दिष्ट आपल्या देशानें गांठलें. शेतकऱ्यास त्यापासून लाभ आहे. परंतु इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें, आणि जुन्या प्रकारच्या रबराच्या नळ्या व बुचाच्या चकत्या त्यानें फुगतात किंवा विरतात. मॉडेल ए ची टांकी चालकाच्या समोर, कांचेच्या खालीं असून पेट्रोल तिच्यांतून आपल्या वजनानेंच कार्बोरेटरांत उतरतें. तेथें गळती म्हणजे जिवाशीं गांठ. यास्तव इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या व चकत्या घालाव्या, आणि गाडी महिनेच्या महिने उभी राहणार असेल तर टांकी रिकामी करून ठेवावी.

ब्रेक या गाडीस चारी चाकांस आहेत, परंतु ते तेलाच्या दाबानें नव्हे, तर दांड्यांच्या ओढीनें लागतात. चारी दांड्या सारख्या ओढल्या जात नसतील तर गाडी एका बाजूस जाते. पुष्कळ हौशी लोक प्रथम रंग देतात, मग इंजिन पाहतात, आणि ब्रेक सर्वांत शेवटीं. क्रम अगदीं उलट पाहिजे. जी गाडी थांबत नाहीं ती चालविण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. ब्रेकच्या जुन्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असतें. त्याची धूळ फुंकरीनें किंवा हवेच्या झोतानें उडवूं नये, कारण ती फुप्फुसांत जाऊन असाध्य रोग जडवूं शकते. जुन्या रंगांत शिसें असतें. तो कोरडा घासूं नये, आणि लहान मुलांस त्या धुळीजवळ येऊं देऊं नये. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि शिरूं नये. खालीं भक्कम घोड्या लावाव्या. हँडल मारून इंजिन सुरू करतांना ठिणगीची तरफ मागें घ्यावी, आंगठा बोटांच्या बाजूसच ठेवावा आणि हँडल खालून वर ओढावें. या एका नियमाच्या अज्ञानानें पूर्वीं कित्येकांचीं मनगटें मोडलीं.

राहतां राहिला रंग. येथें विवेकाची खरी कसोटी लागते. आसनाचें मूळचें कातडें फाटलें असलें, मूळचा रंग फिका पडला असला, तरी तो त्या गाडीचा इतिहास आहे. जें स्वच्छ करून टिकेल तें बदलूं नये, आणि जें बदलावेंच लागेल त्याचा जुना तुकडा चिठ्ठी लावून जपून ठेवावा. कोल्हापूरच्या छत्रपति राजाराम महाराजांची जर्मन बनावटीची मेबॅक गाडी दसऱ्याच्या सोहळ्यास बाहेर काढण्याची प्रथा आहे. लोक तिला पाहण्यास गर्दी करतात, तें ती आजच्या गाडीसारखी दिसते म्हणून नव्हे, तर ती त्या काळची आहे म्हणून.

पालकांनीं एक गोष्ट आधींच जाणावी. हें काम हौसेचें आहे, नफ्याचें नव्हे. २०२१ च्या नियमांप्रमाणें नव्या नोंदणीचें शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षें चालते. नूतनीकरणास पांच हजार पडतात. पूर्वीं नोंदलेल्या गाडीस आपला मूळ क्रमांक राखतां येतो. अशी गाडी प्रदर्शन, शर्यतवजा मेळावे, पेट्रोल भरणें व दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणतां येते. नित्याच्या वापरास किंवा भाड्यानें चालविण्यास परवानगी नाहीं. तेव्हां मुलांच्या शिक्षणाचा किंवा शेताच्या बियाण्याचा पैसा हिच्यांत घालूं नये. महिन्याच्या शिलकींतून जेवढें होईल तेवढें करावें. गाडी रागावत नाहीं.

ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं अशी गाडी नाहीं त्यांनींहि निराश होऊं नये. विहिरीवरचें बंद पडलेलें ऑइल इंजिन, आजोबांची सायकल, आजीचें शिवणयंत्र, यांतहि तेंच शास्त्र आहे. येत्या सुटींत आपल्या गांवांतील एखाद्या वृद्ध फिटरदादांकडे वही घेऊन जावें, पांढरा धातु कसा ओतीत, फट कशी मोजीत, कानानें इंजिनाचा दोष कसा ओळखीत, हें त्यांस विचारावें, आणि जें ते सांगतील तें तारखेसह लिहून ठेवावें.