सायकल मिस्त्रीच्या बोटांना मुंग्या का येतात?

आरोग्याच्या पानावर सहसा डॉक्टर मंडळी लिहितात. मी डॉक्टर नाही. साताऱ्यात सायकली दुरुस्त करणारा मिस्त्री आहे. शिक्षण दहावी, वय ५५. हातावर पोट असणे म्हणजे काय हे मला गेल्या दोन वर्षांत नीट समजले, आणि ते इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून हा लेख लिहिला आहे. ज्या डॉक्टरांनी माझे हात तपासले, त्यांनी यातला वैद्यकीय भाग छापण्यापूर्वी वाचून दुरुस्त करून दिला.

आमचे दुकान वडिलांनी सुरू केले. त्यांच्या काळी दूधवाले, शाळेची पोरे, साखर कारखान्यावरचे कामगार यांच्या साध्या सायकली यायच्या. गोणपाट अंथरून उकिडवे बसायचे, पंक्चर काढायचे, छर्रे बदलायचे, चेनला तेल द्यायचे. आता गिऱ्हाईक बदलले आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर फारच बदलले. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या सायकली लांबच्या प्रवासाला निघालेल्या असतात. ही मंडळी याला बाइकपॅकिंग म्हणतात. कॅरिअर लावायचे नाही. सीटच्या मागे, हँडलवर आणि फ्रेमच्या त्रिकोणात पट्ट्यांनी पिशव्या आवळायच्या आणि त्यात तंबू, अंथरूण, कपडे घेऊन आठ-दहा दिवस फिरायचे. पुण्याहून येतात, साताऱ्याला मुक्काम करतात, महाबळेश्वर चढून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरतात. मग दापोली, दाभोळची फेरीबोट, गुहागर, जयगडची फेरीबोट, गणपतीपुळे असे करत कोणी गोव्यापर्यंत जातात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आमचा सुगीचा काळ. सकाळी आठला शटर उघडतो तेव्हा दोन सायकली दारात उभ्या असतात. घाटाआधी एक सायकल नीट तपासायची म्हणजे अडीच-तीन तासांचे काम आहे. ब्रेकच्या तारा बदलायच्या, चेन धुवायची, सीटमागची पिशवी टायरला घासते का ते बघायचे आणि चाकांचा आऊट काढायचा. हे शेवटचे काम सर्वांत किचकट. एका चाकाला ३२ किंवा ३६ स्पोक. पुढचे-मागचे मिळून ६४ किंवा ७२. प्रत्येक स्पोक बोटांनी दाबून बघायचा आणि लागेल तिथे पान्याने पाव फेरा द्यायचा. मनगट वाकवून, चिमूट आवळून, तासभर. कोकणातून परत आलेल्या सायकलींचे काम वेगळेच. वाळू आणि खारी हवा यांनी चेन अशी धरलेली असते की पक्कड लावून एकेक कडी मोकळी करावी लागते.

हे सगळे मी तीस वर्षे केले आणि माझ्या हातांना काही झाले नाही. म्हणजे तसे मला वाटत होते.

सुरुवात रात्री झाली. दोन-अडीचच्या सुमारास उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग यायची. हात बिछान्याबाहेर काढून झटकला की पाच मिनिटांत बरे वाटायचे. सौ. म्हणाली, अंगाखाली घेऊन झोपत असाल. शेजारच्यांनी वाताचे निदान केले आणि तेल सुचवले. मेडिकलमधून ताकदीच्या गोळ्या आणल्या, मलम चोळले. असे आठ-नऊ महिने काढले. मग दिवसाही बोटे जड वाटू लागली. शर्टाचे बटण लावायला वेळ लागे. बारीक छर्रा चिमटीत धरला आहे की निसटला, ते खाली बघितल्याशिवाय कळेना. एकदा चहाचा कप हातातून सुटला. त्यावरही मी हसलोच.

हसू थांबले ते एका डिसेंबरात. पुण्याचे एक जोडपे आले होते. दुसऱ्या दिवशी ते आंबेनळी उतरणार होते. बाईंच्या सायकलीला पुढच्या ब्रेकची नवी तार टाकली. ही तार एका लहान नटाखाली दाबून धरलेली असते, आणि तो नट किती आवळायचा हे आम्ही बोटांनीच ठरवतो. वडिलांची शिकवण अशी की ब्रेकला हात लावला तर उठून उभे राहायचे आणि लिव्हर पूर्ण ताकदीने दहा वेळा दाबायची. गिऱ्हाईक घाईत असले तरी. तिसऱ्या दाबाला तार नटाखालून सरकली आणि लिव्हर थेट हँडलला टेकली. म्हणजे नट आवळला गेलाच नव्हता. माझ्या बोटांना तो आवळल्यासारखा वाटला होता.

मी तो नट पुन्हा आवळला. हाताखालच्या पोराला बोलावून दोन्ही सायकलींचा एकेक नट त्याच्याकडून तपासून घेतला. त्या दोघांना काही बोललो नाही. ते बरोबर केले की चूक, हे अजून ठरवता येत नाही. जाताना त्यांनी चहाला म्हणून शंभर रुपये वर दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोलादपूरहून पोचल्याचा फोन येईपर्यंत माझे कशात लक्ष नव्हते. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणती बोटे?" मला वाटत होते अख्खा हात. त्यांनी टाचणीने एकेक बोट तपासले तेव्हा लक्षात आले की अंगठा, त्याशेजारची दोन बोटे आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू एवढेच बधिर होते. करंगळी ठणठणीत होती. मग त्यांनी दोन्ही मनगटे खाली वाकवून हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायला आणि मिनिटभर तसेच राहायला सांगितले. अर्ध्या मिनिटातच मुंग्या सुरू झाल्या. या विकाराला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. आपण मनगटाच्या बोगद्याचा विकार म्हणू.

तळहाताच्या बाजूने मनगटात खरोखरच एक अरुंद बोगदा असतो. तळाला आणि बाजूंना लहान हाडे, वर जाड, न ताणणाऱ्या पट्ट्याचे छत. त्यातून बोटे मिटणाऱ्या नऊ शिरा म्हणजे स्नायुबंध जातात आणि त्यांच्या सोबत एक मज्जातंतू. सायकलवाल्याच्या भाषेत सांगायचे तर एकाच आऊटरमधून ब्रेकच्या नऊ तारा आणि डायनामोची एक वायर नेल्यासारखे आहे. मूठ जोराने आवळण्याचे काम वर्षानुवर्षे केले की स्नायुबंधांवरची आवरणे सुजतात. छत ताणत नाही, हाडे सरकत नाहीत. मग दाब येतो तो सर्वांत मऊ वस्तूवर, म्हणजे वायरवर. मनगट वाकले की दाब आणखी वाढतो. झोपेत आपण हात मुडपून घेतो, म्हणून त्रास रात्री जास्त. आणि हात झटकल्यावर बरे वाटणे हे या विकाराचे इतके ठळक लक्षण आहे की डॉक्टर ते मुद्दाम विचारतात. मी मात्र तोच उपाय समजून बसलो होतो.

हा तंतू नुसती जाणीव नेत नाही. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, त्याचे स्नायू मुख्यतः यावर चालतात. डॉक्टरांनी माझे दोन्ही तळहात शेजारी धरले. डावा भरलेला होता. उजवा त्या जागी चपटा झाला होता. रोज डोळ्यांसमोर असलेला हात, पण मी कधी पाहिला नव्हता. हे स्नायू एकदा वाळले की शस्त्रक्रियेनंतरही पूर्ववत होतील याची खात्री देता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. विजेचा सौम्य झटका देऊन तंतूचा वेग मोजणारी तपासणी झाली, त्यात उजवीकडचा दाब तीव्र निघाला. आणि रक्त तपासले तेव्हा साखर वाढलेली आढळली. मधुमेह असणाऱ्यांना हा विकार अधिक होतो. थायरॉईडचे काम मंदावलेल्यांना, गरोदर स्त्रियांना आणि एकूणच पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो जास्त होतो. आपल्याला साखर आहे हे मला मनगटामुळे कळले.

आता थोडे आमच्या गिऱ्हाइकांविषयी, कारण त्यांची बोटे वेगळी. कोकण करून आलेले दहापैकी एकदोन जण तरी म्हणतात, "काका, हात बधिर झाला." पूर्वी मी ऐकून सोडून द्यायचो. आता डॉक्टरांचाच प्रश्न विचारतो : कोणती बोटे? बहुतेकांचे उत्तर करंगळी आणि शेजारचे अर्धे बोट असे येते. तो दुसरा मज्जातंतू. तो करंगळीच्या बाजूने तळहाताच्या बुडाशी जवळजवळ उघड्यावर असतो, आणि सायकलस्वार तासन् तास नेमके तिथेच अंगाचे वजन टाकून बसतो. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे नावाची एक सफर असते, ती साडेतेरा तासांच्या आत पुरी करायची असते. एवढा वेळ तळहातावर भार राहिला आणि त्यात खराब रस्त्याचे हादरे बसले, तर बोटे तक्रार करणारच. काहींना चिमटीत किल्ली फिरवता येत नाही, बोटे फाकवता येत नाहीत. बहुतेकांचे हे दाब काढल्यावर काही आठवड्यांत सुधारते. पण जोर कमी झाला असेल तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

यातला पुष्कळ दोष सायकलीच्या मापाचा असतो आणि तो माझ्या हातातला आहे. सीटचे नाक खाली झुकलेले असेल तर माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार हातांवर येतो. हँडल फार खाली किंवा फार लांब असले तरी तेच. मी सीट सपाट करतो, हँडल थोडे वर घेतो, जाड पकड बसवतो आणि दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदला म्हणून सांगतो. हँडलवरच्या पिशवीमुळे हात ठेवायच्या जागा कमी होतात, हेही त्यांना दाखवतो. तरुण मुलांना वेगासाठी हँडल खालीच हवे असते. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. परत आल्यावर ती स्वतःहून वर करून मागतात.

माझ्या उपचारांबद्दल. डाव्या हाताचा त्रास सौम्य होता. त्याला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायला दिला, तेवढ्यावर भागले. काहींना मनगटात इंजेक्शन देऊनही आराम पडतो, पण माझ्या उजव्या हाताची ती वेळ निघून गेली होती. तेवढाच भाग बधिर करून छताचा तो पट्टा कापला. टेबलावर पडल्या पडल्या मी डॉक्टरांशी गप्पा मारत होतो. रात्रीच्या मुंग्या पहिल्याच आठवड्यात गेल्या. जोर यायला मात्र तीन महिने लागले, आणि ते तीन महिने ऐन हंगामाचे होते. दुकान पोराने सांभाळले.

परतल्यावर कामाची पद्धत बदलली. सायकल आता स्टँडवर कोपराच्या उंचीला टांगतो, म्हणजे मनगट सरळ राहते. उकिडवे बसणे बंद झाल्याने गुडघ्यांचीही सोय झाली. लांब दांड्याचे पाने घेतले. दांडी दुप्पट लांब असली की त्याच नटाला निम्मा जोर पुरतो. ही गोष्ट मला माहीत नव्हती असे नाही. गंजलेले पेडल सोडवताना वडील पान्यावर पाइप चढवायचेच. आणि ब्रेकचे नट आता बोटांच्या अंदाजाने आवळत नाही. किती जोर लागला ते दाखवणारा पाना आहे. महाग पडला.

दुसरी एक सवय डॉक्टरांनी माझी नखे बघूनच पकडली. चेन धुवायला पेट्रोल, आणि हात धुवायलाही तेच. पेट्रोल आणि रॉकेल कातडीतला नैसर्गिक तेलकटपणा काढून टाकतात. मग भेगा पडतात, खाज येते आणि भेगांतून जंतू शिरतात. साखर असलेल्या माणसाला हे परवडत नाही. शिवाय पेट्रोलमध्ये बेन्झीन असते, आणि त्याचा रक्ताच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला आहे. आता नायट्राईलचे हातमोजे घालतो. साधे रबरी मोजे तेलाने फुगतात व फाटतात. ग्रीस लागलेच तर आधी खोबरेल चोळून फडक्याने पुसायचे आणि मग साबण. पंक्चरच्या सोल्यूशनचा वास कोंडलेल्या दुकानात डोके दुखवतो, म्हणून ते काम दारात करतो.

एक सूचना डॉक्टरांनी आवर्जून घालायला सांगितली आहे. हातातल्या मुंग्या मानेतल्या दोषानेही येतात, त्यामुळे लेख वाचून स्वतःच निदान करू नये. आणि हात एकाएकी बधिर किंवा लुळा पडला, सोबत तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर तो मनगटाचा विकार नव्हे. पक्षाघाताची शंका धरून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

उजव्या अंगठ्याखालचा खळगा अजून भरलेला नाही. छर्रे मी चिमट्याने उचलतो. ब्रेकची लिव्हर दहा वेळा मी दाबतो आणि मग दहा वेळा पोरगा दाबतो. परवा त्याला पेट्रोलच्या डब्यात हात बुडवताना पाहिले आणि ओरडलो. तो म्हणाला, "काका, तुम्हीच शिकवलंत." खरेच होते. दुपारी जाऊन मोज्यांचा आणखी एक खोका आणला, त्याच्या मापाचा.