हृदयाची लय आणि चालण्याचा वेग

सकाळी किती फेऱ्या मारल्या, याचा हिशेब अनेकजण ठेवतात. त्या किती वेगाने मारल्या, याचा मात्र क्वचितच. हृदयाच्या लयीसाठी वेगही महत्त्वाचा असल्याचे दिसते.

लय बिघडण्याचा एक गंभीर प्रकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे नीट आकुंचन होत नाही, ते नुसतेच थरथरतात. तेथे रक्त साचून गुठळी झाली आणि ती मेंदूत पोहोचली, तर पक्षाघात ओढवतो.

ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये ब्रिटनमधील सुमारे ४ लाख २० हजार जणांच्या नोंदी तपासल्या. रेंगाळत चालणाऱ्यांच्या तुलनेत मध्यम वेगाने (ताशी सुमारे ५ ते साडेसहा किलोमीटर) चालणाऱ्यांमध्ये लयीचे विकार ३५ टक्क्यांनी, तर त्याहून झपझप चालणाऱ्यांमध्ये ४३ टक्क्यांनी कमी आढळले. हा संबंध आहे, कार्यकारणाचा निर्णायक पुरावा नव्हे.

धावण्यानेही हृदय बळकट होते. परंतु वर्षानुवर्षे अतिदीर्घ पल्ल्याचा कठोर सराव करणाऱ्या काहींमध्ये हाच विकार उद्भवण्याची शक्यता वाढते. म्हणून वेग हळूहळू वाढवावा. धडधड वा भोवळ जाणवल्यास मात्र तत्काळ थांबून डॉक्टरांना दाखवावे.