संगणक कक्षाची किल्ली

आपल्या महाविद्यालयात ग्रंथालयाच्या मागे, पूर्वी जिथे भूगोलाचे नकाशे असत त्या खोलीत, कला शाखेचा संगणक कक्ष आहे. ही गोष्ट पुष्कळांना तृतीय वर्षाला आल्यावर कळते. दार नेहमी लोटलेले, बाहेर चपलांचा ढीग आणि दारावर सूचनांचा कागद. गेल्या वर्षापर्यंत त्या कागदावर नऊ सूचना होत्या आणि नवांचाही शेवट ‘नये’ने होत असे. विनापरवाना आत येऊ नये, हीच पहिली. परवाना कोणता आणि तो द्यायचा कोणी, याचा मात्र कागदावर उल्लेख नव्हता.

‘कमवा आणि शिका’ योजनेत दोन वर्षे माझे काम याच खोलीत आहे. मामांकडून किल्ली आणायची, रजिस्टरात सह्या घ्यायच्या, धूळ पुसायची आणि वेळ संपली की माणसाला खुर्चीवरून उठवायचे. यातले शेवटचे काम सर्वांत अवघड. संगणक १४, त्यांपैकी ३ कायमचे आजारी. उरले ११. कला शाखेत आपण सहाशेच्या वर आहोत. हिशेब वाचकांनीच करावा.

आता माझ्या हातून जे घडले ते आधी सांगतो. कक्षातले सगळे संगणक तेव्हा एकाच नावाने उघडत, ‘स्टुडंट’. पासवर्डही एकच, आणि कोणी विचारायला नको म्हणून तो फळ्यावर खडूने लिहिलेला. ज्याने त्याने आपली फाईल पडद्यावरच ठेवायची. दर शनिवारी पडदा साफ करायचा अशी मला ताकीद होती, कारण जागा भरून जाई आणि पेन ड्राइव्हमधून आलेले व्हायरस फाईलींत दडून बसत. ऑगस्टमधल्या एका शनिवारी मी नेहमीप्रमाणे सगळे निवडले आणि पुसून टाकले. सोमवारी आमच्या वर्गातली एक मुलगी आली. प्रकल्पासाठी तिने आजीकडून आणि शेजारच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. रोज वीस-पंचवीस मिनिटे मिळतील तशा ती त्या टंकित करी. ९० ओव्या झाल्या होत्या. ती ओरडली नाही. “कुठं गेलं रे सगळं?” एवढेच म्हणाली. मी सांगितले. तिने पिशवीतून वही काढली आणि पहिल्या ओवीपासून पुन्हा सुरुवात केली.

मी दिलेल्या आदेशाप्रमाणेच वागलो होतो. तरी त्या दिवशी जेवण गेले नाही. एकाच्या फाईलीवर दुसऱ्याचा हात सहज पडावा अशी ही व्यवस्था मुळात आलीच कशी, हे शोधावेसे वाटले आणि मी वाचू लागलो. जे कळले त्यातले थोडे येथे देतो.

आरंभीच्या काळात संगणक एका वेळी एकाचेच काम करी. आपले काम छिद्रे पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात बांधून खिडकीत द्यायचे आणि उत्तरासाठी तासन्‌तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, वाट पाहायची. गठ्ठ्यात एक चूक निघाली की पुन्हा खिडकी. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी यांनी नोव्हेंबर १९६१मध्ये निराळा मार्ग दाखवला. एकच यंत्र, पण त्याला अनेक टंकयंत्रे जोडलेली आणि प्रत्येकावर एक माणूस. यंत्राने प्रत्येकाला क्षणभर द्यायचा आणि पुढे सरकायचे.

लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढपी एक, पाने चाळीस. तो कोणा एकाचे जेवण संपेपर्यंत त्याच्यापाशी उभा राहत नाही. इथे मूद, तिथे वरण, पुढे लिंबाची फोड, असा फिरत राहतो. वाढपी चपळ असला तर आपण थांबलो होतो हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. या पद्धतीला कालविभागणी म्हणतात. कॉर्बाटोंच्या यंत्राने त्यात आणखी एक शहाणपण केले. नवे काम आले की त्याला पाळी लवकर, पण थोडीच द्यायची. तेवढ्यात ते संपले तर उत्तम. नाही संपले तर ते खालच्या रांगेत जाते. तिथे पाळी उशिरा येते, पण आली की अधिक वेळ मिळतो. ज्याला नुसते मीठ हवे आहे त्याला ते देऊन मोकळे करावे आणि ज्याला पोटभर भात हवा त्याच्याकडे मग सावकाश मोठा डाव घेऊन जावे, तसा हा प्रकार.

आता एकाच यंत्रात अनेकांचे कागद आले. कोणाचे कोणते, हे ठरवायला प्रत्येकाला आपापला खण हवा आणि त्या खणाला किल्ली हवी. कॉर्बाटोंच्या यंत्रात पासवर्ड आला तो यासाठी. दाराला लावायचे कुलूप म्हणून तो आला नव्हता. आम्ही मात्र खण दिलेच नव्हते आणि खणाची किल्ली फळ्यावर टांगून ठेवली होती.

किल्ली आली की चोरही येतो. त्या यंत्रावर प्रत्येकाला ठरावीक वेळ मिळे. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याच्या वाट्याला आठवड्याचे ४ तास होते आणि प्रबंधाला ते पुरेनात. १९६२ साली एका शुक्रवारी रात्री त्याने एक कार्ड टाकून सर्वांच्या पासवर्डांची यादीच छापायला लावली आणि शनिवारी सकाळी जाऊन उचलली. पंचवीस वर्षांनी त्याने स्वतःच हे कबूल केले. मला या गृहस्थांचा राग येत नाही. रजिस्टरात खोटी वेळ लिहिणारे आमचे काही मित्र मी पाहिले आहेत. त्यांतल्या बहुतेकांचे कामच खरोखर अपुरे असते.

दुसरा किस्सा कॉर्बाटोंनीच पुढे ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितला आहे. एके दिवशी यंत्रावर बसणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले! दोघे व्यवस्थापक एकाच वेळी एकाच जागी काम करत होते. एक सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डांची यादी दुरुस्त करत होता. लिहिण्याच्या सोयीने दोघांच्या कच्च्या कागदांना एकच नाव दिले आणि अदलाबदल झाली. एका जागी दोन माणसे एकदम बसतील हे कोणाच्या मनात आले नव्हते. हे वाचले आणि आमचा ‘स्टुडंट’ आठवला. तिथे तर सहाशे माणसे एका नावाने बसत होती.

पण एमआयटी पडली तंत्रज्ञांची पेठ. आपल्याला जवळची गोष्ट डार्टमथ महाविद्यालयाची. तिथले बहुसंख्य विद्यार्थी साहित्य, इतिहास, समाजशास्त्र शिकणारे. गणिताचे दोन प्राध्यापक, जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ, यांचे म्हणणे असे की उद्या निर्णय घेण्याच्या जागी हीच मुले बसणार, तेव्हा संगणक त्यांच्या हाताखालून गेलाच पाहिजे. १ मे १९६४ रोजी पहाटे ४ वाजता त्यांची व्यवस्था सुरू झाली. त्यासाठी बेसिक ही सोपी भाषाही त्यांनी घडवली. विद्यार्थ्याने यंत्रावर ‘हॅलो’ टंकित करायचे. यंत्र त्याचा क्रमांक विचारी, मग काम नवे की जुने ते विचारी. जुने म्हटले की त्याचे ठेवलेले काम पुढे करी. काम महत्त्वाचे आहे का, परवानगी कोणाची, हे ते विचारत नसे. केमेनी तुलना करत ती मुक्तद्वार ग्रंथालयाशी. कपाटापाशी जाऊन हवे ते पुस्तक काढावे, कारण सांगण्याची जरुरी नाही.

ही तुलना आपल्याला परकी नाही. इंग्लंडात हेरफर्ड येथे जुने ग्रंथालय आजही आहे, तिथे पुस्तके साखळ्यांनी कपाटाला बांधलेली आहेत. पुस्तक दुर्मिळ आणि महाग होते तेव्हा ते योग्यच होते. आपल्या देशात शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तक वापरण्यासाठी असते, हा त्यांतल्या पहिल्याचाच आशय. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाचकाला कपाटापर्यंत जाऊ द्यावे यासाठी ते झटले. माणसे वाढतील, पुस्तके हरवतील, ही भीती तेव्हाही होतीच.

एवढे वाचून मी रजिस्टर काढले आणि वर्षभराच्या सह्या पाहिल्या. प्रथम येईल त्यास प्रथम, हा आमचा नियम. यापेक्षा न्याय्य काय असणार असे मला वाटे. सह्या मात्र त्याच त्या वीस-पंचवीस जणांच्या निघाल्या. सगळे गावात किंवा वसतिगृहात राहणारे. सकाळी कक्ष उघडतो तेव्हा बाहेरगावची एसटी अजून वाटेत असते. ती पोचेपर्यंत अकराही खुर्च्या भरलेल्या. दुपारी खुर्ची रिकामी व्हावी तो परतीच्या गाडीची वेळ. ओव्यावाल्या मुलीला वीसच मिनिटे का मिळत, ते मला तेव्हा उमगले. मी रोज तिची सही घेत होतो, पण वेळेचा रकाना वाचत नव्हतो.

दिवाळीनंतर आमच्या सरांच्या मदतीने काही बदल केले. एक जुना संगणक दुरुस्त करून त्यावर सर्वांचे खण मांडले. नाव म्हणजे प्रवेश क्रमांक. कोणत्याही संगणकावर बसा, आपलाच खण उघडतो आणि दुसऱ्याचा दिसत नाही. दोन संगणकांपुढच्या खुर्च्या काढून टाकल्या. अर्ज भरणे, निकाल पाहणे, एखादे पान छापणे असली पंधरा मिनिटांची कामे तिथे उभ्याने करायची. मिठाची रांग ती हीच. खुर्ची नसल्यामुळे कोणी मुक्काम ठोकत नाही, मला उठवावेही लागत नाही. उरलेले नऊ तासिकेच्या हिशेबाने, म्हणजे ५० मिनिटांसाठी. त्यांपैकी तीन दुपारी दीड ते चार या वेळेत एसटीचा पास दाखवणाऱ्यांसाठी राखून ठेवले.

या शेवटच्या गोष्टीवरून भांडण झाले. वसतिगृहातला एक मित्र म्हणाला, “आम्ही काय फी भरत नाही?” त्याचे चुकत नव्हते. राखीव खुर्ची रिकामी दिसत असताना दारात उभे राहणे कोणालाही जड जाईल. मग असे ठरवले की दहा मिनिटांत पासवाला आला नाही तर खुर्ची रांगेतल्या पहिल्याला द्यायची. तरी कुरबूर आहेच.

चुकाही झाल्या. प्रत्येकाचा पहिला पासवर्ड आम्ही जन्मतारीख ठेवला. वर्गात कोणाचा वाढदिवस कोणाला ठाऊक नसतो? आठवड्याच्या आत एकाने मित्राच्या खणात शिरून त्याचा निबंध ‘सुधारून’ ठेवला. मग चिठ्ठ्या काढून पासवर्ड दिले. चिठ्ठ्या हरवल्या. आता माझा निम्मा वेळ विसरलेल्यांना नवा पासवर्ड देण्यात जातो. एका प्राध्यापकांनी तर तो कळफलकाखाली चिकटवून ठेवला आहे. मी भीत भीत बोललो तर म्हणाले, “अरे बाबा, मग लक्षात कसा राहायचा?” २०१४ साली एका मुलाखतीत कॉर्बाटोंनीही सांगितले होते की पासवर्डांचा हा पसारा म्हणजे दुःस्वप्न झाले आहे आणि आपणही ते कागदावर टिपून ठेवतो. हे मी सरांना अद्याप कळू दिलेले नाही.

ओव्या पूर्ण झाल्या. एकूण १२६ भरल्या. शेवटच्या चाळीस मी सांगितल्या आणि तिने टंकित केल्या, कारण माझा हात तिच्याहून मंद. त्यांतल्या काही या अंकात अन्यत्र छापल्या आहेत.

दारावरचा कागद बदलला. शनिवारची सफाई चालू आहे, फक्त शुक्रवारी फळ्यावर तसे लिहून ठेवतो. तीन संगणक अजून आजारीच आहेत. परीक्षेच्या आधीचे दोन महिने कक्ष रविवारीही उघडा ठेवावा, असा अर्ज आम्ही प्राचार्यांकडे दिला आहे. रविवारी एसटीच्या फेऱ्या कमी असतात हे अर्ज दिल्यावर एका मैत्रिणीने लक्षात आणून दिले. तेव्हा आता पुरवणी अर्ज लिहीत आहे.