शेवटच्या पानाचा चित्रकार

१९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका घरात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे एक संस्थापक बॉबी सील टाइपरायटरवर पक्षाच्या नव्या वृत्तपत्राचा मजकूर उतरवत होते आणि मथळे मार्करने हातानेच लिहीत होते. शेजारी उभ्या असलेल्या तेवीस वर्षांच्या तरुणाने मदत करण्याची तयारी दाखवली आणि घरी जाऊन तो आपलं चित्रकलेचं सामान घेऊन आला. तोवर पहिला अंक जवळपास हातावेगळा झाला होता. पण ‘द ब्लॅक पँथर’ला एमरी डग्लस मिळाले, ते पुढच्या तेरा वर्षांसाठी, १९८० साली वृत्तपत्र बंद पडेपर्यंत.

मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला १९४३ साली जन्मलेले डग्लस लहानपणीच आईबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला आले. किशोरवयात सुधारगृहात असताना तिथल्या छापखान्यात त्यांना काम मिळालं. पुढे सिटी कॉलेजात त्यांनी जाहिरातकला शिकून घेतली. शाई, कागद आणि मांडणीची ही शिदोरी घेऊन ते पक्षात आले आणि पक्षाचे ‘संस्कृतिमंत्री’ झाले.

हातात पैसा नव्हता. छपाईला काळ्या शाईबरोबर फार तर एखादा रंग परवडायचा. मग डग्लस यांनी लाकडी ठशाच्या छपाईसारख्या जाड, ठसठशीत रेषा निवडल्या. रेघा-ठिपक्यांचे तयार चिकट कागद कापून छटा भरल्या, जोडीला छायाचित्रांची कात्रणं लावली. टंचाईतून घडलेली ही शैली दुरूनही ओळखू येते. अंकाचं शेवटचं पान बहुतेकदा त्यांचं पोस्टर असे. ते भिंतींवर, दुकानांच्या काचांवर डकवलं जाई. अंकाची किंमत होती २५ सेंट आणि ऐन भरात दर आठवड्याला लाखाहून अधिक प्रती खपत. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत अनेकांना वाचनाची सवय नव्हती. त्यांच्यापर्यंत पक्षाचं म्हणणं आधी चित्रातून पोचलं पाहिजे, हे डग्लस यांनी अचूक ओळखलं होतं.

सुरुवातीची चित्रं रागाची होती. लोकांना छळणाऱ्या पोलिसाचा बिल्ला क्रमांक डुकराच्या चित्रावर छापायची कल्पना सील आणि पक्षाचे दुसरे संस्थापक ह्यूई न्यूटन यांची. डग्लस यांनी त्या डुकराला दोन पायांवर उभं केलं, गणवेश चढवला, भोवती माश्या घोंघावत ठेवल्या. बंदूकधारी स्त्री-पुरुषही पानापानांवर होते. आज या चित्रांकडे पाहताना त्यांतली हिंसा खुपते, आणि ती खुपायलाही हवी. पण ज्या वस्तीत पोलिसांची गस्त हीच दहशत होती, तिथे या रेषांनी लोकांच्या मनातली भीती उतरवली, हेही तितकंच खरं.

त्यांचं खरं मोठेपण मात्र त्यानंतरच्या चित्रांत आहे. जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये पक्षाने मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली. पुढे दवाखाने आले, सिकलसेल या रक्तविकाराची तपासणी आली. चित्रांचा नायकही बदलला. केसांना कर्लर लावलेल्या बायका, घरात उंदरांशी झुंजणारी कुटुंबं, म्हातारी माणसं पानभर दिसू लागली. १९७१ च्या एका पोस्टरात एक मुलगा खळखळून हसतो आहे आणि त्याच्या चष्म्याच्या काचांत पक्षाच्या उपक्रमांतली मुलं दिसताहेत. गरिबांना केविलवाणं न दाखवता त्यांची गरिबी दाखवणं भल्याभल्यांना जमत नाही. डग्लस यांना ते आठवड्यामागून आठवडे जमत राहिलं.

या कागदाची धास्ती सरकारलाही होती. वृत्तपत्राच्या गठ्ठ्यांवर घाण वासाचं रसायन फवारावं, असा प्रस्ताव एफबीआयच्या कागदपत्रांत नोंदलेला आहे. त्यात पक्षातच फूट पडली. त्या काळातच, १९७१ साली, वितरणाची धुरा वाहणारे सॅम नेपियर यांचा न्यूयॉर्कमध्ये खून झाला. तरीही अंक निघत राहिला. 

डग्लस यांची चित्रं तोवर सीमा ओलांडून गेली होती. हवानातून निघालेल्या १९६८ च्या एका एकजुटीच्या पोस्टरात त्यांचंच चित्र वापरलं होतं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नाव घेतलं ते याच पक्षावरून.

पक्ष ओसरल्यावर डग्लस यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या ‘सन-रिपोर्टर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात काम केलं. संग्रहालयांना त्यांची आठवण फार उशिरा झाली. त्यांच्या चित्रांचं पुस्तक आणि लॉस एंजेलिसच्या समकालीन कला संग्रहालयातलं प्रदर्शन, दोन्ही २००७ मधली. न्यूयॉर्कच्या न्यू म्युझियमने २००९ मध्ये प्रदर्शन भरवलं. चौकटीत बसवलेलं वृत्तपत्राचं पान बघायला मिळतं हे चांगलंच, पण ती चित्रं भिंतीवरून फाटून जाण्यासाठीच काढलेली होती.

डग्लस स्वतः मात्र चौकटीत अडकले नाहीत. २०१२ च्या सुमारास ते मेक्सिकोतल्या चियापासला, मूळनिवासींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या झापातिस्ता चळवळीच्या प्रदेशात गेले. तिथल्या भरतकाम करणाऱ्या बायकांनी त्यांची चित्रं आपल्या रंगीत धाग्यांत उतरवली. एकाच जादा रंगावर भागवलेल्या त्या आकृत्या तिथे कापडावर अनेक रंगांत उमटल्या.