पुड्यावरचा दुसरा भाव

नायगावच्या किराणा दुकानात तूरडाळ सुटी मिळे तेव्हा गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच असे, "काय किलो?" दोन दुकानांत विचारले की स्वस्त-महाग कळे. आता नांदेडच्या सुपरमार्केटात किंवा मोबाइलवर किराणा मागवताना एक पुडा ९०० ग्रॅमचा, दुसरा दीड किलोचा, तिसऱ्यावर सूट. भाव सगळ्यांवर छापलेला असतो, तरी तुलना जमत नाही. असे का होते, हे शोधताना मी वजनमापांच्या नियमांकडे वळलो.

पूर्वी शेर आणि पायली प्रदेशागणिक बदलत. १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक मापे आली आणि किलो देशभर एक झाला. पुढे पाकीटबंद माल वाढला. डाळी, चहा, बिस्किटे, खाद्यतेल अशा वस्तूंची पाकिटे किती वजनाची असावीत, हेही २०११ च्या नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत ठरलेले होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या दुरुस्तीने ती अनुसूची वगळली. उत्पादकाला हवे ते वजन भरण्याची मोकळीक मिळाली. त्याबरोबर पाकिटावर कमाल किमतीशेजारी दुसरा भाव, म्हणजे 'एकक विक्री किंमत', छापणे बंधनकारक झाले.

हेतू चांगला, पण मेख तपशिलात आहे. किलोपेक्षा कमी वजनाला हा भाव ग्रॅममागे, जास्त वजनाला किलोमागे द्यायचा असतो, आणि तोही दोन दशांश स्थळांपर्यंत. समजा, ९०० ग्रॅमचे दोन पुडे आहेत, एक १३१ रुपयांचा, दुसरा १३९ चा. दोन्हींवर ग्रॅममागे ०.१५ रुपये असेच छापले जाईल. आठ रुपयांचा फरक दशांशात विरून जातो. शिवाय हा भाव कमाल किमतीवरून काढलेला असतो. दुकानाने किंवा ॲपने सूट दिली की तो निरुपयोगी ठरतो.

तेलाचे कोडे आणखी निराळे. तेल तापले की फुगते, म्हणून एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरते, ६० अंशांना ८९२.६ ग्रॅमच. केंद्राने २०२२ मध्ये तेल कंपन्यांना तापमानाचा उल्लेख काढून वजनही छापण्यास सांगितले, ते याचसाठी.

युरोपीय संघाच्या १९९८ च्या निर्देशात हा भाव मुख्यतः किलो किंवा लिटरमागे आणि प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीवरून द्यायचा असतो. आपल्याकडेही पाकीट लहान असो वा मोठे, भाव किलोमागेच छापला आणि ॲपवर सूट धरून दाखवला, तर बरेच काम होईल. यंत्रणेला हे अवघड नाही.

तोवर हिशेब आपला आपणच करायचा. द्यायच्या रकमेला ग्रॅमने भागून हजाराने गुणायचे. आठवड्याच्या मजुरीवर किराणा भरणाऱ्या घरात आठ रुपये ही किरकोळ रक्कम नसते, आणि दशांशाचा हिशेब करायला सर्वात कमी सवड त्याच घराला असते.