तळ्याकाठचा ताप, टेकडीवरची द्राक्षे

‘मलेरिया’ हा शब्द मूळचा इटालियन. ‘माला आरिया’ म्हणजे वाईट हवा. दलदलीवरून येणारी हवा बाधते आणि हिवताप येतो, अशी जुनी समजूत. हा शब्द जगाला देणाऱ्या देशातल्याच काही शेतकरी कुटुंबांवर याच तापाने अमेरिकेत गाव सोडण्याची पाळी आणली.

आर्कान्सा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, मिसिसिपी नदीने पात्र बदलल्यावर मागे राहिलेले एक लांबट तळे आहे, लेक शिको. त्याच्या काठी सनीसाइड नावाचा कापसाचा मोठा मळा होता. मालक न्यूयॉर्कचा बँकर ऑस्टिन कॉर्बिन. मजूर मिळेनात म्हणून त्याने इटलीतून शेतकरी आणवले. १८९५ च्या अखेरीस सुमारे शंभर कुटुंबे आली, १८९७ च्या सुरुवातीला आणखी काही. प्रत्येकाला साडेबारा एकर जमीन, दर एकरी १६० डॉलर, फेड हप्त्याने. जून १८९६ मध्ये कॉर्बिन अपघातात गेला आणि त्याने दिलेली आश्वासने हवेत राहिली.

जमीन सुपीक होती, पण सपाट. पाणी साचून राहायचे. साचलेल्या, गवताळ, गोड्या पाण्यात ॲनोफिलिस डास वाढतो. उन्हाळा सरताना तापाची साथ भरात येई आणि नेमकी त्याच सुमारास कापसाची वेचणी सुरू होई. थंडी वाजून ताप, घाम, मग दोन दिवस बरे वाटते तोवर पुन्हा थंडी. रक्त कमी होते, प्लीहा वाढते, चार पावले टाकली की धाप लागते. घरातले दोघे अंथरुणाला खिळले की कापूस झाडावरच राहणार आणि हप्ता थकणार. लहानपणापासून वारंवार हिवताप झालेल्या माणसात थोडीफार प्रतिकारशक्ती तयार होते. परक्या मुलखातून आलेल्यांना ती नसते. अनेकजण दगावले, त्यांत मुलेही होती.

या लोकांचे धर्मगुरू फादर पिएत्रो बांदिनी यांनी शेवटी दुसरी जागा शोधली. १८९८ मध्ये चाळीसेक कुटुंबे त्यांच्यामागून राज्याच्या वायव्येला, ओझार्कच्या टेकड्यांत गेली. काही कुटुंबांनी मिझुरीतल्या नॉबव्ह्यूची वाट धरली. ओझार्कमधल्या वसाहतीला इटालियन शोधप्रवासी तोंती याच्या नावावरून टॉन्टीटाउन नाव मिळाले. जमीन खडकाळ. हातात पैसा यावा म्हणून पुरुष कोळशाच्या खाणीत कामाला जात. पण उतारावर पाणी ठरत नव्हते. सफरचंदे लागली, मग द्राक्षे. १९२० च्या दशकात शेजारच्या स्प्रिंगडेलमध्ये वेल्च कंपनीचा द्राक्षरसाचा कारखाना उभा राहिला, तो याच मळ्यांच्या भरवशावर. टॉन्टीटाउनचा द्राक्षमहोत्सव आजही भरतो.

जागेची निवड बरोबर ठरली, ती वाईट हवेपासून दूर गेल्यामुळे नव्हे. टॉन्टीटाउनची उंची चारशे मीटरच्या आसपास. पुणे त्याहून उंच आहे आणि तिथेही हिवताप होतो. फरक पडला तो पाणी वाहून गेल्यामुळे. हे कोडे त्याच सुमारास सुटत होते. ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी दिसले आणि १८९८ मध्ये इटलीतच ग्रासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा हिवताप ॲनोफिलिस पसरवतो हे दाखवले. बांदिनींचे लोक तेव्हा नव्या जागेवर झाडे तोडत होते.

सनीसाइडला मागे राहिलेल्यांचे आणि नंतर आणलेल्यांचे हाल संपले नव्हते. कर्जात अडकवून राबवून घेतले जात असल्याच्या तक्रारींवरून १९०७ मध्ये सरकारने मेरी ग्रेस क्वाकेनबॉस यांना चौकशीला पाठवले. मळेवाल्यांनी त्यांना विरोध केला, हे सांगायला नकोच.

आणि १९१६ मध्ये, शेजारच्याच ॲशली परगण्यातल्या क्रॉसेट या लाकूडगिरणीच्या गावात हिवताप रोखण्याचा प्रयोग झाला. डबकी बुजवली, चर खणले, उरलेल्या पाण्यावर तेल टाकले. हिवतापासाठी डॉक्टरला बोलावण्याचे प्रमाण पहिल्याच वर्षी एक तृतीयांशाच्या खाली आले. खर्च माणशी सव्वा डॉलरच्या आसपास.