दगडांचे कौतुक, माणसांचा विसर

चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,५०० किलोमीटरवर, प्रशांत महासागरात रापा नुई आहे. जग त्याला ईस्टर आयलंड म्हणते. पर्यटकाला एका दिवसात रानो राराकूची मूर्तींची खाण, टोंगारिकीच्या चौथऱ्यावरचे १५ मोआई आणि अनाकेनाचा किनारा दाखवला जातो. पूर्वजांच्या त्या अवाढव्य पाषाणमूर्ती पाहून तो विचारतो, हे घडवणारे गेले कुठे? वर्षानुवर्षे एकच उत्तर मिळत आले : झाडे तोडली, आपसात लढले, संपले.

हे उत्तर आम्हाला मान्य नाही. १८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांनी शेकडो माणसे पळवून नेली. जे थोडे परतले त्यांच्यासोबत देवीचा रोग आला. १८७७ मध्ये बेटावर फक्त १११ मूळ रहिवासी उरले. १८८८ मध्ये चिलीने बेट घेतले. पुढे तेथे कंपनीच्या मेंढ्या मोकळ्या चरल्या आणि माणसे हांगा रोआ गावात कोंडली गेली. नागरिकत्व मिळाले ते १९६६ मध्ये! सतराव्या शतकातील आत्मनाशाची कथा २०२४ च्या जनुकीय संशोधनानेही खोडून काढली.

लुटायचे आणि लुटलेल्यालाच दोष द्यायचा, ही रीत आपल्या वाचकांना नवी नाही. २०१७ पासून तेथील राष्ट्रीय उद्यानाचा कारभार रापा नुईंच्याच माऊ हेनुआ संस्थेकडे आहे. मुख्य स्थळे पाहायला स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा लागतो. तो वाटाड्या त्या मूर्तिकारांचाच वंशज असू शकतो. मूर्ती कशा हलवल्या हे त्याला जरूर विचारा; पण माणसे कशी टिकली, हे आधी विचारा.